बाराव्या सभासदाची खुर्ची

"बाबा, तुम्ही काही करायचं नाही. नुसतं बसायचं. जन्मभर राबलात, आता आराम करा."

सुनेचं हे वाक्य जुळारीकाकांच्या कानात इतकं मुरलं होतं, की मोकळ्या माळावर वारा भणभणत असतानाही त्यांना ते ऐकू आलं. छापखान्यात चाळीस वर्षं त्यांनी उभ्याने अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले होते. निवृत्त झाल्यापासून मात्र खिडकीजवळची गादीची खुर्ची त्यांच्या नशिबी आली होती. सून मायेची होती, पण ती माया अशी, की सासऱ्यांनी गळका नळ दुरुस्त करायला घेतला तर हातातला पाना काढून घेई. म्हणूनच 'ग्लायडर संघाला नव्या माणसांची गरज आहे' ही वर्तमानपत्रातली ओळ वाचताना काकांची नजर 'गरज' या शब्दापाशी अडकली. रविवारी सकाळी ते माळावर हजर झाले.

संघालाही त्यांची निकड होतीच. बिनइंजिनाची विमानं उडवणाऱ्या या संघात अकरा सभासद उरले होते. महिनाअखेर बारा झाले नाहीत तर माळ काढून घेऊ, असं नगरपालिकेचं पत्र चिटणीसबाईंच्या पर्समध्ये होतं. माणसं येत नव्हती असं नाही. पण आलेल्याला दिवसभर विमान ढकलायला, दोर ओढायला, पंख धरून पळायला लावायचे आणि उन्हं कलल्यावर पाच मिनिटं वर फिरवून आणायचे. तो पुन्हा तोंड दाखवत नसे. अखेर बाईंनी सभेत संथपणे सांगितलं, की यापुढे नव्या माणसाने कशालाही हात लावायचा नाही. जो त्याला काम सांगेल, त्याचं महिनाभर उडणं बंद. बाई बोलत हळू, पण एकदा ठरवलं की ठरवलं.

त्यामुळे काका फाटकातून आत येताच माळावरच्या एकुलत्या एका छत्रीखाली खुर्ची मांडली गेली. वर उशीसुद्धा.

"मी जरा हातभार लावू का?" काकांनी विचारलं.

"छे, तुम्ही पाहुणे. बसा," बाई म्हणाल्या.

घरची खुर्ची वाट काढत आपल्याआधी इथे पोचली की काय, असं काकांना वाटलं.

बाकीचे सभासद आपापल्या घरच्या कामांत होते. आलेली माणसं तीन: बाई, विमान उडवायला शिकवणारे सत्तरीचे कप्तान आणि जमिनीवरच्या यंत्राने दोर ओढून विमान वर चढवणारा दोरवाला. तिघांनी मिळून 'थोरली' नावाचं दोन आसनी विमान ढकलत आणलं. काका तीनदा उठले. तिसऱ्यांदा दोरवाल्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

बाईंनी कप्तानांना बजावलं होतं, की पाच मिनिटांत उतरवायचं नाही, माणूस तृप्त होऊन उतरला पाहिजे. काकांना पुढच्या आसनात बसवून चार पट्टे आवळले. घरच्या खुर्चीला निदान पट्टे तरी नव्हते, असं काकांच्या मनात आलं. विमान सुटताना पंखाचं टोक धरून कुणीतरी पळावं लागतं. ते काम बाईंनी स्वतः केलं. एक चप्पल वाटेत राहिली.

वर मात्र खरंच सुरेख होतं. आवाज फक्त वाऱ्याचा. उन्हाने तापलेली हवा ढगाखाली विमानाला वर वर उचलते, हे कप्तानांनी एका ढगाखाली दाखवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. "अजून एक दाखवतो," असं म्हणून चौथ्यापर्यंत पोचले, तोवर तो ढग विरून गेला होता.

"परतायला उंची पुरायची नाही," चहाला दूध नाही अशा सुरात कप्तान म्हणाले, आणि त्यांनी थोरलीला दहा किलोमीटर लांब एका कापणी झालेल्या शेतात अलगद उतरवलं.

कप्तानांनी फोन केल्यावर तासाभराने बाई आणि दोरवाला लांबलचक गाडा जोडून जीप घेऊन आले. गाड्यातून सगळ्यात आधी खुर्ची उतरली.

थोरलीला घरी न्यायचं, तर पंख काढून गाड्यात घालावे लागत. एका पंखाला धरणारी माणसं तीन, पंख अडकवणारी खिट्टी ओढणारं एक.

"बाई, चार माणसं लागतात," दोरवाला कुजबुजला. "चौथा माणूस त्या खुर्चीत बसलाय."

"तो माणूस नाही, होणारा सभासद आहे," बाई म्हणाल्या. "टोकाला मी एकटी पुरते. तू मध्ये धर."

कप्तानांनी पंखाच्या बुंध्याला खांदा देऊन एका हाताने खिट्टी ओढली. पंख सुटला, आणि नेमका त्याच वेळी त्यांचा गुडघा लचकला. सगळा भार टोकाकडे सरकला. बाई मागे रेलल्या, पंख जमिनीपासून वीतभर उरला, आणि खुर्ची उलटी झाल्याचा आवाज आला. टोक काकांच्या दोन्ही हातांत होतं.

"सोडा, तुम्ही सोडा," बाई धापा टाकत म्हणाल्या.

"आता सोडला तर मोडेल," काका शांतपणे म्हणाले. "आमच्या छापखान्यात जुळवलेल्या खिळ्यांचा जड फर्मा उचलायचो, तेव्हा आधी सगळे श्वास घ्यायचो. मग एकदम. चला, घ्या श्वास."

पहिला पंख गाड्यात गेला. दुसरा त्याहून सुरेख गेला. काका हाताला लागलेल्या काळ्या ग्रीसकडे बराच वेळ पाहत राहिले.

बाईंचा चेहरा उतरला होता. तुम्हाला कष्ट पडू द्यायचे नाहीत असं ठरवलं होतं, आणि शेवटी पंख उचलायला लावला, असं त्या खाली मान घालून म्हणाल्या. "आता तुम्ही काही पुन्हा यायचे नाही."

"तुमच्याकडे सभासद होण्याचा कागद असेल ना?"

पर्समधून कागद निघाला. काकांनी सही केली, शेजारी अंगठ्याचा काळा डागही उमटला.

"अट एकच," ते म्हणाले. "ती खुर्ची मला पुन्हा दाखवायची नाही. सकाळी काम कितीला सुरू होतं?"

"सहाला. पंखांवरचं दव पुसायचं असतं," दोरवाला बोलून गेला आणि घाबरून बाईंकडे पाहू लागला. बाईंनी सही केलेल्या कागदाची घडी घालून तो पर्समध्ये ठेवला.

"पुसायला मी येतो," काका म्हणाले.

पुढच्या रविवारी उजाडायच्या आत ते उठले. जुन्या सदऱ्याचे चार स्वच्छ तुकडे पिशवीत घातले. खिडकीजवळची खुर्ची झाडली, उशी नीट केली आणि वर एक चिठ्ठी ठेवली. जुळाऱ्याचं अक्षर, ओळ जराही वाकडी नाही:

'सूनबाई, रोज राबतेस. आज तू इथे बस. काही करायचं नाही.'

मग चपला हातात घेऊन त्यांनी दाराची कडी आवाज न करता काढली आणि माळाची वाट धरली.