अ‍ॅडम्सचं मरण आणि रॉइसची धावपळ

"मरणारा माणूस पोरांना चॉकलेटं फेकत नसतो, डेल्बर्ट!" व्हर्नाने नवऱ्याचे खिसे रिकामे केले.

"मिरवणुकीत गाडीवर बसलो की हात आपोआप उडतो गं माझा."

"बसायचं नाहीये. मरायचंय."

ओहायोतल्या त्या गावात चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीचा चषक दर वर्षी अग्निशमन दल पळवायचं आणि ग्रंथपाल व्हर्ना चरफडत घरी यायची. यंदा ती निवृत्त होणार होती, म्हणजे ही शेवटचीच संधी. विषय होता, 'चार जुलैला काय काय घडलं'. स्वातंत्र्याचा जाहीरनामा दलाच्या रॉइसने बळकावला. व्हर्नाच्या वाट्याला आले त्यावर सही करणारे आणि त्याच तारखेला, बरोबर पन्नास वर्षांनी वारलेले माजी राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स. म्हणून पिकअपमागच्या ट्रेलरवर खाट, खाटेवर डेल्बर्ट आणि त्याच्या अंगावर जाडजूड गोधडी.

ऊन मी म्हणत होतं. डेल्बर्ट सुरुवातीला इमानेइतबारे कण्हला. मग कण्हणं थांबलं आणि तोंड उघडं पडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पिकअप चालवता चालवता आरशात बघणाऱ्या व्हर्नाला नवऱ्याचा प्रथमच अभिमान वाटला.

मागच्या गाडीवर जाहीरनाम्यावर सही करत असलेला रॉइस मात्र चरकला. "अरे, म्हातारा खरंच गेला की काय!" लेखणी फेकून तो धावला. जुन्या पुढाऱ्यांच्या वेशातली त्याची माणसंही पांढऱ्या केसांचे टोप सावरत धावली. एकाने नाडी धरली, दुसरा जाहीरनाम्यानेच वारा घालू लागला. आरडाओरडा ऐकून व्हर्ना गाडी थांबवून धावत मागे आली.

डेल्बर्टने डोळे उघडले. वर सगळे टोप आणि रेशमी कोट.

"मेलो वाटतं," तो पुटपुटला. "व्हर्ना आहे का इथे?"

"दिसत नाही बुवा," रॉइस म्हणाला.

"मग स्वर्गच असणार."

व्हर्ना रॉइसच्या पाठीमागेच उभी होती.

तेवढ्यात समोरच्या मांडवातून परीक्षक प्रुइटबाई डोळे पुसत उठल्या. "काय कल्पना आहे! पन्नास वर्षांपूर्वी याच तारखेला सह्या करणारे सोबती निरोप द्यायला आले! चषक ग्रंथालयाला!"

"अहो बाई, आम्ही त्याला वाचवायला आलो होतो!"

"तू गप्प बस, रॉइस. तुझ्या गाडीवर तर चिटपाखरूही नाही."

चषक छातीशी धरून व्हर्ना चक्क रडली. मग तिने तो पिकअपच्या पुढच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा बांधला.

"मी कुठे बसू?" डेल्बर्टने विचारलं.

"मागे खाट आहे ना. स्वर्गात जागेची काय कमी?"

डेल्बर्ट खाटेवर जाऊन आडवा झाला.