जेवून आलेले रातकिडे

मंगळवारी दुपारी आईने पाच रातकिड्यांना जेवायला वाढलं आणि त्या दिवसापासून आमच्या विसूभाऊची उपासमार सुरू झाली.

विसूभाऊ हा लेपर्ड गेको. ठिपक्याठिपक्यांची, सव्वा वीत लांबीची पाळीव पाल म्हटलं तरी चालेल, फक्त त्याच्यासमोर म्हणू नये. जिवंत किड्यांखेरीज तो काही खात नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मी दुकानातून रातकिड्यांचा डबा आणतो आणि चिमट्याने एकेक त्याच्या काचेच्या पेटीत सोडतो. सहा वर्षं हे सुरळीत चाललं होतं. त्या मंगळवारी चिमटा सापडेना, म्हणून मी डबा जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि आत गेलो. चूक माझीच.

आमच्या आईला एक खोड आहे. जेवणवेळेला घरात जो येईल त्याला ती पानावर बसवते. एकदा मीटर तपासायला आलेला माणूस आमटीभात खाऊन, मीटर न बघताच निघून गेला. मी चिमटा घेऊन बाहेर आलो, तेव्हा ती डब्याचं झाकण उघडून उभी होती.

"आता आलाच आहात, तर दोन घास खाऊन जा."

"नको आजी, कशाला उगाच त्रास," त्यांच्यातला वडीलधारा रातकिडा म्हणाला. त्याची एक मिशी अर्धी तुटलेली होती.

"त्रास कसला? काकडीची कोशिंबीर केलेलीच आहे."

रीतीप्रमाणे आढेवेढे घेऊन पाचही जण जेवले. कोशिंबिरीत मीठ होतं.

मी त्यांना पेटीत सोडलं. विसूभाऊने शेपटीचं टोक हलवलं, दबा धरला आणि थांबला.

"हे जेवून आलेत?" त्याने मला विचारलं.

"हो."

"कुणाकडे?"

"आपल्याकडेच."

"मग हे पाहुणे झाले," असं म्हणून तो बाजूला सरकला आणि त्याने त्यांना गरम दगडावर जागा करून दिली.

शुक्रवारी मी नवा डबा आणला आणि आईची नजर चुकवून थेट खोलीत नेला. पण पेटीतल्या पाच जणांना राहवलं नाही. "आजी, आणखी मंडळी आली आहेत," त्यांनी आतूनच हाक मारली. आई वाटी घेऊन हजर.

मी चिडलो. "आई, हे विसूभाऊचं जेवण आहे!"

"त्या पाचांना वाढायचं आणि यांना उपाशी ठेवायचं? पंक्तिप्रपंच माझ्याच्यानं व्हायचा नाही, शिनू."

पुढच्या मंगळवारी पेटीत पंधरा पाहुणे झाले. तेव्हा मी डबा आणणं बंद केलं.

गेको शेपटीत चरबी साठवतो आणि वाईट दिवसांत तिच्यावर जगतो. विसूभाऊची शेपटी माझ्या अंगठ्याएवढी जाड होती, ती तिसऱ्या आठवड्यात करंगळीएवढी झाली. मी त्याला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे, तेहसीन मुजावर मॅडमकडे नेलं. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी त्याला उलटसुलट करून पाहिलं.

"मीठ होतं का?" त्यांनी विचारलं.

"होतं."

"किती?"

"बेताचं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "गेल्या वर्षी मिरजेत एका मांजराचं असंच झालं. घरच्यांनी उंदराच्या हातावर प्रसाद ठेवला होता. याला औषध नाही. शेपटी पेन्सिलीएवढी झाली की माझ्याही हातात काही राहणार नाही."

परतताना मला रिक्षात रडू आलं. पन्नाशीचा माणूस गेकोसाठी रडतोय हे रिक्षावाल्याला सांगवेना, म्हणून आई आजारी आहे म्हणालो.

ते अगदीच खोटं नव्हतं. आईने दुपारचं जेवण सोडलं होतं. "माझ्या तोंडामुळे तो उपाशी," ती म्हणायची, "माझ्या घशाखाली घास कसा उतरेल?" पाहुण्यांची कोशिंबीर मात्र तिने एक दिवस चुकवली नाही.

हे वडीलधाऱ्या रातकिड्याच्या नजरेतून सुटलं नाही. गुरुवारी सकाळी त्याने मला काचेजवळ बोलावलं.

"शिनूभाऊ, तीन आठवडे आम्ही तुमच्याकडे जेवतोय. नुसतं जेवत राहणं बरं दिसत नाही. रविवारी दुपारी विसूभाऊंना आमच्याकडे पाठवा."

"तुमच्याकडे म्हणजे कुठे?"

"डब्यात."

मी दोन दिवस विचार केला. रीतीच्या दृष्टीने त्यात काही खोट सापडली नाही. रविवारी मी डबा पुसून टेबलावर आडवा ठेवला. पंधराही जण आधी आत जाऊन उभे राहिले. मग मी विसूभाऊला तळहातावरून नेऊन डब्याच्या तोंडाशी सोडलं. चार पावलं चालतानाही त्याचे पाय लटपटत होते. आत अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेचा एक तुकडा होता, बाकी काही नाही.

"घर लहान आहे," वडीलधारा म्हणाला. "वाढायलाही फारसं नाही. जे आहे ते गोड मानून घ्या."

तो स्वतः पुठ्ठ्यावर जाऊन बसला.

विसूभाऊने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. ती खुर्चीला धरून उभी होती. मला ते बोलवलं नसतं. बोलली तीच.

"विसू, लोकांनी प्रेमानं वाढलेलं टाकू नये रे."

विसूभाऊ जेवला. लगेच दुसरा पुठ्ठ्यावर आला, "संकोच करू नका," म्हणाला. मग तिसरा आला. आई पदराने डोळे पुसत होती आणि शेवटपर्यंत तिथून हलली नाही.

जेवण झाल्यावर विसूभाऊने ओठ चाटले, डोळे मिटले आणि स्पष्ट आवाजात म्हटलं, "अन्नदाता सुखी भव." आईने हात जोडले आणि आत जाऊन स्वतःचं ताट वाढून घेतलं.

डब्यात तिघं उरले होते. ते त्याला तोंडापर्यंत पोचवायला आले.

"काहीच जेवला नाहीत तुम्ही," त्यांच्यातला एक म्हणाला. "पुढच्या वेळी सवडीने या."