डोळ्यातलं पांढरं

आमच्या दोंडाईच्यात नानांसमोर चहाला बसायची कुणाची छाती होत नाही. ते तुमचं बोलणं ऐकत नाहीत, डोळ्यात बघत बसतात. मध्येच म्हणतात, "हलू नका. डोळ्यातलं पांढरं कधी पांढरं नसतं." माझं त्यांना ताकाच्या निवळीसारखं दिसलं होतं. मी दोन दिवस आरशासमोर होतो.

नाना शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी जुन्या युरोपीय उस्तादांची रीत धरली. आधी करड्या रंगात अख्खा डोळा, मग तेलात पातळ केलेल्या रंगाचे थरावर थर, आणि सगळ्यात शेवटी बुबुळावर पांढरा ठिपका. रंग कालवायला जवसाचं तेल घाण्यावरून येतं. त्यांच्या बायकोला, अक्कांना, जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून स्वयंपाकघरात दुसरं तेल फारसं दिसत नाही. कुणी घाई केली की नानांचं ठरलेलं, "थर वाळू द्या."

एकदा शेजारच्यांनी श्रावणात देवी म्हणून बसवतात त्या कानबाईच्या नारळावर डोळे काढायला दिले. नानांनी त्यावरही थर चढवले. रविवारी देवी बसली तरी डोळे ओलेच, आणि पूजेला आलेल्या बायकांची बोटं काळी झाली. नाना शांतपणे म्हणाले, "सांगितलं होतं, पुढच्या रविवारी बसवा."

परवा ते माझ्या आईला बोलवायला आले. आई आणि अक्का जुन्या मैत्रिणी. मीही मागोमाग गेलो. लाकडी फळीवर एकच रंगवलेला डोळा होता, फक्त ठिपका राहिलेला. नाना मास्तरांची भाषा सोडून घरच्या बोलीत आले. "चाळीस वरीस संगे राहिनू, पन तिना डोयाना रंग माले याद नही. फोटोमा ती डोया मिटी ले. तुम्हीच सांगा, हाऊ तिनाच शे का?"

म्हणजे दोन वर्षं हा माणूस गल्लीभर तो एक रंग शोधत होता, आणि आम्ही हसत होतो. मला लाज वाटली.

आई बराच वेळ बघत राहिली. नाना पदवीचा निकाल लागायचा असावा तसे उभे. मग आई त्यांच्याशी नाही, चित्राशीच बोलली. "बरी शे ना, अक्का?"

नानांनी कुंचला उचलून ठिपका ठेवला. मग चष्मा काढून पुसत बसले, पुसून झाला तरी पुसत बसले. त्यांचे डोळे घारे आहेत हे मला तेव्हा कळलं. अक्का सोडून त्यात नीट कुणी बघितलंच नसेल.