लिमये बाईंच्या स्वभावाचं घर

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या लिमये बाई फर्निचरच्या दुकानात जातात, एखाद्या सोफ्यावर बसतात, पिशवीतून पेपर काढतात आणि बरोबर पस्तीस मिनिटं वाचतात. पस्तीस मिनिटं म्हणजे शाळेचा एक तास. बाईंनी आयुष्यभर भूगोल शिकवला, त्यामुळे कोणाचीही लायकी एका तासात कळते असं त्यांचं ठाम मत आहे. कोथरूडच्या एका दुकानात विक्रेत्यानं तिसऱ्यांदा "मॅडम, काही दाखवू का?" असं विचारलं, तेव्हा पेपरातून मान वर न काढता त्या म्हणाल्या, "तुम्ही मधे बोलू नका. मी सोफ्याचं ऐकतेय."

तास संपला तशा उठल्या. "चांगला आहे. पण स्वभावात बसत नाही."

मी शेजारी उभा होतो. मला स्कूटर येते आणि नाही म्हणता येत नाही, या दोन गुणांवर बाईंनी माझी नेमणूक केली होती.

बाई अडुसष्ट वर्षांच्या. लग्न केलं नाही. दोन बेडरूमचा हा फ्लॅट त्यांनीच घेतलेला. आई-वडील शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होते. धाकटा भाऊ श्रीकांत, भावजय आणि दोन पुतणेही इथेच. पुतण्यांच्या नोकऱ्या वाकडकडे लागल्या, तेव्हा दोन वर्षांपूर्वी ते सगळे तिकडे राहायला गेले. आणि एके दिवशी बाईंनी आमची बेल वाजवून जाहीर केलं, "घर नव्यानं करायचं ठरवलंय. माझ्या स्वभावाला शोभेल असं. उद्या ती इंटिरियरवाली मुलगी येईल, तुम्ही बसा जरा. फसवत नाही ना, बघा."

मुलीचं नाव ऋतुजा. गोड, हुशार, हातात टॅबलेट. ती एकेक शैली दाखवू लागली. आधी इंडस्ट्रियल. उघड्या विटा, उघडे पाइप.

"हे आमच्या बिल्डरनं तीस वर्षांपूर्वीच केलंय," बाई म्हणाल्या. "पुढे."

मग बोहो. रंगीत उशा, झालरी, भिंतभर टोपल्या.

"म्हणजे पसाराच, पण मुद्दाम घातलेला. पुढे."

मग मिनिमल. पांढरी खोली, एक खुर्ची, एक झाड.

बाईंनी बराच वेळ पाहिलं. "असं तर माझ्याकडे श्रीकांत गेल्यापासून आहे," त्या म्हणाल्या.

शेवटी ऋतुजानं एक प्रश्नावली दिली. पहिलाच प्रश्न होता, स्वतःच्या स्वभावाचं तीन शब्दांत वर्णन करा. बाईंनी चष्मा काढला. "याला अभ्यास लागेल. दोन आठवडे द्या."

आणि खरोखर त्यांनी अभ्यास केला. वही घेऊन त्या माणसं गाठू लागल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींना त्यांनी जिन्यातच थांबवलं.

"माझा स्वभाव कसा आहे? खरं सांगा."

"तुम्ही... स्पष्टवक्त्या आहात."

"म्हणजे खडूस?"

"मी तसं म्हटलं नाही."

"पण लिहू का?"

सेक्रेटरींनी जरा विचार केला. "लिहा," ते म्हणाले.

भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "बाई, तुम्ही घेता कमी आणि निवडता जास्त." माझी बायको म्हणाली, "प्रेमळ." बाकीची मतं बाईंनी पेनानं लिहिली होती. हे मात्र पेन्सिलीनं लिहिलं. "एकच मत आहे. पुराव्याशिवाय पक्कं करता येत नाही."

दुसरा प्रश्न आवडत्या रंगाचा होता. तिथे त्या अडल्या. "हॉलचा रंग आधी वडिलांनी ठरवला, मग भावजयीनं," त्या मला म्हणाल्या. "मला विचारलं नाही असं नाही. विचारलं की मी म्हणायची, काहीही चालेल. आता काय चालतं ते बघावं लागेल." मग रंगाचे छोटे डबे आणून त्यांनी भिंतीवर पाच चौकोन रंगवले आणि प्रत्येकासमोर एकेक तास बसल्या. हळदीसारखा पिवळा पास झाला.

"जरा भडक नाही वाटत?" ऋतुजानं चाचरत विचारलं.

"असू दे. माझ्याबद्दलही लोकांचं तेच मत आहे. वहीत आहे बघा."

त्याच दिवशी मोजमापं घ्यायला आम्ही आतल्या खोल्यांत गेलो. दोन्ही खोल्यांत पलंग, पलंगांवर स्वच्छ चादरी, एक सुरकुती नाही.

"तुम्ही यातल्या कोणत्या खोलीत झोपता?" ऋतुजानं विचारलं.

"मी हॉलमध्ये. दिवाणावर."

"नेहमी?"

"पहिल्यापासून. एका खोलीत आई-वडील, दुसरीत श्रीकांत आणि त्याची बायको. आई-वडील गेल्यावर मुलं मोठी झाली होती, त्यांना अभ्यासाला खोली लागायची. मी सहाला अंथरूण उचलते, म्हणजे कोणाला जाता-येता अडचण नको."

"पण आता तर दोन्ही खोल्या रिकाम्या आहेत ना?"

 बाई दारात उभ्या राहून एकदा या खोलीकडे, एकदा त्या खोलीकडे बघत राहिल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "आहेत खऱ्या."

मग टेबलाशी बसून त्यांनी प्रश्नावलीवर एक मोठी फुली मारली आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: मला माझी खोली हवी. दाराला आतून कडी.

"आणि स्टाइल?" ऋतुजानं विचारलं.

"कडीत स्टाइल असतात? असतील तर दाखवा."

श्रीकांतचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. ताई, या वयात कशाला हा खटाटोप, असं तो म्हणाला असावा, कारण बाई म्हणाल्या, "याच वयात. आधी जागा नव्हती." आवाजात राग नव्हता. लगेच त्यांनी धाकट्या पुतण्याचा खोकला कसा आहे तेही विचारलं.

काम सहा आठवडे चाललं. सुताराचं दार चौकटीला घासायचं. ते त्यांनी चार वेळा उतरवायला लावलं. दिवाण वॉचमनच्या घरी गेला. पिवळी खोली, खिडकीशी टेबल, एका तासाच्या परीक्षेत उतरलेली खुर्ची आणि दाराला पितळी कडी.

पहिल्या रात्रीनंतर सकाळी मी चौकशीला गेलो. बाईंचे डोळे तांबारले होते.

"झोप लागली का?"

"नाही. कडी लावली आणि वाटलं, कोणी हाक मारली तर ऐकू यायचं नाही. आई रात्री तीन-चारदा हाक मारायची. मग मुलं. म्हणून उठून कडी काढली, परत पडले. मग लक्षात आलं की आता हाक मारणारंच कोणी नाही." त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "पण आज लावणार. उद्याही लावणार. सवय व्हायलाच हवी."

मी कप उचलला. तशा त्या म्हणाल्या, "तुम्ही असं करा. सकाळी सहाला जिन्यातून हाक मारत जा. दाराआड ऐकू येतं की नाही, एवढंच बघायचंय."

त्याला आता तीन महिने झाले. मी रोज सहाला जिन्यात उभा राहून "बाई" अशी हाक मारतो. तिसऱ्या हाकेला आतून "ऐकू आलं" असं उत्तर येतं आणि मग कडी निघाल्याचा आवाज होतो. पहिली हाकही त्यांना चांगली ऐकू येत असणार, हे मला माहीत आहे. तरी मी रोज तीन मारतो.