सदूचं अस्सल कार्ड

एका जंगलात, बाळांनो, वाघाचं राज्य होतं, वीज होती आणि सगळ्यांकडे भरपूर रिकामा वेळ होता. अशाच जंगलात जाणकार मंडळी निपजतात.

त्यातला एक होता सदू साळिंदर. बाबल मुंगूस हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. पिल्लं असताना दोघं सदूच्या बिळातल्या कॉम्प्युटरवर एक गेम खेळायचे. त्यातला शिपाई राक्षस मारत मारत किल्ल्याच्या शेवटच्या दारापाशी पोचायचा आणि तिथं सगळं हँग व्हायचं. दारामागे खजिना आहे, असं सदू म्हणायचा. बाबल म्हणायचा, राजकन्या. यावरून दोघांची चावाचावीही होई.

आता दोघांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. बाबल कायमचा मुलाकडे, नदीपलीकडच्या जंगलात जायला निघाला होता.

"सदू, जाण्याआधी ते दार एकदा उघडू या रे," तो म्हणाला. "माझ्या पुतणीच्या लॅपटॉपवर तो गेम चालतो."

"लॅपटॉपवर?" सदूच्या अंगावर काटे उभे राहिले. तसे ते नेहमीच असत, पण आज जरा जास्तच. "तिथं राक्षस गुळगुळीत दिसतो. आपला राक्षस चौकोनी होता. खेळायचं तर त्याच जुन्या ग्राफिक्स कार्डावर. नाहीतर खेळूच नये."

बिचारा बाबल थांबला. सदू भंगारवाल्या माकडाकडे खेपा घालू लागला. कार्ड मिळालं, तर ते बसेल असा कॉम्प्युटर मिळेना. तो मिळाला, तर ढेरपोट्या मॉनिटर मिळेना. सगळं जमल्यावर सदूनं कार्डाची सोनेरी कड खोडरबरानं घासली आणि वर फुंकर मारली. शास्त्रात तसंच सांगितलंय. बाबल रोज संध्याकाळी यायचा, बघत बसायचा आणि घरी जायचा.

शेवटी बाबलच्या निघण्याचा दिवस उजाडला आणि नेमका त्याच सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला. बाबलकडे बाणांची बटणं, सदूकडे तलवारीचं. राक्षस धडाधड पडले. शिपाई दारापाशी पोचला. बाबलनं श्वास रोखला.

सगळं हँग झालं.

कारण तेव्हाही, बाळांनो, त्या कार्डामुळंच हँग होत होतं. हे तुम्हाला कळलं, बाबललाही कळलं. सदू जाणकार होता.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ, अगदी तिथंच. अगदी तसंच. याला म्हणतात अस्सल."

"सदू, मला दार उघडायचं होतं," बाबल म्हणाला. "तुझ्याबरोबर. लॅपटॉप पिशवीत आणलाय. अजून थोडा वेळ आहे रे."

"शू. पंख्याची घरघर ऐक."

बाबलला फार वाईट वाटलं. जाताना दोस्ताच्या पाठीवर हात ठेवावा, असं त्याच्या मनात आलं, पण साळिंदराच्या पाठीवर हात कोण ठेवणार? तो पिशवी उचलून निघाला. सदूनं वळून पाहिलं नाही. मॉनिटरवरचा थिजलेला शिपाई तो डोळे भरून बघत होता.

पुढे वाघोबांनी सदूचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. भाषणात सदू म्हणाला, "दोस्ताशेजारी बसून खेळण्यातली मजा आजच्या पिल्लांना काय कळणार?" खूप टाळ्या पडल्या. त्याच्या शेजारच्या खुर्चीत, हार घालून, कार्ड ठेवलं होतं.

तात्पर्य: बाळांनो, दार उघडण्याच्या फंदात पडू नका. ते कुठल्याही नव्या मशीनला जमतं. दोस्त गेला तर जाऊ द्या, त्याच्या आठवणीत गळा काढता येतो. कार्ड तेवढं जपा, ते आता बनत नाही.