मंडईचे पहिले बाळंतपण

नगरपालिकेच्या नव्या मंडईचे दिवस भरत आले, तेव्हा रीतीप्रमाणे पहिल्या बाळंतपणासाठी तिला माहेरी, म्हणजे वास्तुविशारद विश्राम खांबेटे यांच्या घरी आणण्यात आले. नगर अभियंता उंडाळकर सोबत होते. घरासमोरच्या पटांगणात ती कशीबशी टेकली. प्रवासाने तिच्या खांबांना सूज आली होती.

“सासरी आम्ही काही कमी पडू दिलं नसतं,” उंडाळकर म्हणाले. “पण पहिली खेप माहेरचीच.”

खांबेट्यांची पंचाईत झाली. जन्मभर त्यांनी स्थानके, पूल, वसाहती अशी अवाढव्य कामे उभी केली आणि उद्घाटनाची फीत कापली गेली की एकदाही मागे वळून पाहिले नाही. आता तर एक अख्खे शहर वसवण्याचे काम दाराशी आले होते. त्याचे सादरीकरण नेमके पुढच्या आठवड्यात दिल्लीला होते, आणि हे हुकले तर या वयात असे दुसरे मिळण्याची आशा नव्हती.

“एखाद्या सूतिकागृहात सोय होईल का?” त्यांनी चाचरत विचारले.

त्यांची थोरली बहीण आक्का भाकरतुकडा घेऊन बाहेर आली होती. “विश्राम, पोर दारात ताटकळलीय. आधी तिच्या पायांवर पाणी घाल.”

खांबेट्यांनी पाणी घातले. तिला ओल्या चुन्याच्या वासाचे डोहाळे लागले होते, म्हणून बादलीभर चुनाही भिजवला. तो हुंगत मंडई हळूच म्हणाली, “बाबा, एकदा भाजीला तरी यायचं होतं.”

खांबेट्यांना फार वाईट वाटले. त्यांच्याकडे भाजी घरपोच येत असे.

मुलगी बाळंत व्हायची आहे, येता येणार नाही, असे त्यांनी दिल्लीला कळवून टाकले. समितीने मनःपूर्वक अभिनंदन केले आणि काम दुसऱ्याला दिले.

मंडईला पाणपोई झाली. दगडी, गुटगुटीत, पितळी तोटीची. तिला पाहून खांबेटे खालीच बसले. मूळ नकाशात मंडईच्या दरवाजाशी अगदी अशीच पाणपोई होती. दर्शनी बाजू बिघडते म्हणून त्यांनीच ती खोडली होती.

सवा महिन्याने उंडाळकर न्यायला आले. आक्काने मंडईची ओटी भरली. त्यासाठी तिला खण बराच मोठा घ्यावा लागला.

“कोणावर गेलीय?” आक्काने पाणपोईकडे पाहत विचारले.

उंडाळकरांनी पाणपोई नीट न्याहाळली. “आजोबांवर. अजून कुणापुढे तोंड उघडलेलं नाही.”

खांबेट्यांनी पुढे होऊन ओंजळ धरली. तोटी जरा खाकरली, आणि मग पाणी आले. ते त्यांनी सगळे प्यायले आणि ओले हात तोंडावरून फिरवले.

मायलेकी निघाल्या. कोपऱ्यावर मंडईने वळून पाहिले. खांबेटे घरात गेले, खुंटीवरची कापडी पिशवी काढली आणि त्यांच्या मागोमाग चालू लागले.