खांबेटे सरांचा वड

खांबेटे सर रोज सकाळी गॅलरीत उभे राहून एक लाकूड चाटत असत. चहाच्या आधी.

नारायण पेठेतल्या त्या इमारतीत आम्ही नवेच राहायला आलो होतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि शेजारच्या गॅलरीत सत्तरीचे एक गृहस्थ हातभर लांब ओंडका दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून चाटताहेत. बायको म्हणाली, बघू नकोस. मी आठवडाभर बघितलं नाही. मग राहवेना, म्हणून विचारलं.

"खारट आहे का ते बघतोय," सर म्हणाले. "तुम्हाला काय वाटलं, नाश्ता?"

ओंडका कोकणातल्या किनाऱ्यावर समुद्राने आणून टाकलेला. त्यावर आणि एका काळ्या दगडावर सरांना वडाचं बोन्साय वाढवायचं होतं. पहिलं रोप त्यांनी लाकूड न धुताच त्यावर बसवलं, आणि मिठाने ते काळं पडून मेलं. तेव्हापासून लाकूड न्हाणीघरातल्या पिंपात भिजत होतं, पाणी रोज बदललं जात होतं, आणि मिठाची चाचणी जिभेने होत होती. घरच्यांची अंघोळ त्या पिंपाच्या कलाने चाले. घरचे म्हणजे सर आणि कुसुमकाकू, दोघंच.

सर आयुष्यभर शाळेत विज्ञान आणि भूमिती शिकवून निवृत्त झाले होते. त्यामुळे कुठल्याही गोष्टीत आधी "पक्ष काय, साध्य काय?" हे विचारायचे. दूधवाला उशिरा आला तरी त्याला हाच प्रश्न. पण या बोन्सायचं साध्य काय, हे मात्र ते सांगत नसत. एवढंच म्हणत, की ज्येष्ठापर्यंत झाड दगडावर उभं राहिलं पाहिजे. आषाढात का चालणार नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "आषाढात तुम्ही लावा."

मी तेव्हा हडपसरला एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकताच लागलो होतो. सरांच्या मते इंटरनेट हे माझ्या ऑफिसातल्या एखाद्या कपाटात ठेवलेलं असायचं. "संगणकवाले, बोन्सायवर काय आहे ते घेऊन या," अशी ऑर्डर सुटली. मी कुठल्यातरी अमेरिकन माणसाची पानं छापून आणली. त्यात लिहिलं होतं, की पहिला बर्फ पडण्याआधी झाड झाकावं. डिसेंबरात सरांनी वडाला काकूंची शाल गुंडाळली.

मी म्हटलं, सर, पुण्यात बर्फ पडत नाही.

"आजवर पडला नाही. पुढे पडणार नाही, हे कोणी सिद्ध केलं?"

मी ऑफिसला निघून गेलो. काकू ती थंडी एका स्वेटरवर काढत होत्या.

रोपं मिळायला त्रास नव्हता. आमच्या इमारतीच्या मागच्या ड्रेनेजच्या पायपावर वड आपोआप उगवायचा. सर ते रोप अलगद सोडवून आणायचे आणि दगडावर बांधायचे. पायपावर कोणी न सांगता तरारणारं हे झाड दगडावर आलं की माना टाकायचं, आणि सरांना हा झाडाचा आचरटपणा वाटायचा. तळमजल्यावरच्या साठेबाईंनी एकदा बजावलं, की वड घरात लावू नये. सर म्हणाले, "घरात कुठे? दगडावर लावलाय."

पद्धत अशी, की मुळं दगडावरून खाली सोडायची, सुतळीने आवळायची, सगळं मातीत पुरून प्लॅस्टिकने गुंडाळायचं आणि कित्येक महिने हात लावायचा नाही. शेवटची अट सरांच्या स्वभावात बसणारी नव्हती. दर रविवारी ते सगळं उकलून मुळांनी दगड धरला का ते बघत. अर्थातच दुसरं रोपही गेलं. त्या संध्याकाळी सर जिन्यात बसून होते. मी नवं रोप शोधू म्हटलं, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. एका वडापायी माणसाने इतकं खचावं, हे मला कळेना. खरं सांगायचं तर थोडं हसूही आलं.

तिसऱ्या रोपाच्या वेळी काकूंनी सूत्रं हातात घेतली. वर्ष-दीड वर्षापूर्वी घसरून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून त्यांचा जिना सुटला तो सुटलाच. घरातल्या घरात वॉकर धरून चार पावलं, बाकी दिवस गॅलरीतल्या खुर्चीत. त्यांनी ते प्लॅस्टिकचं गाठोडं खुर्चीखाली ठेवून घेतलं आणि वर स्वतः बसल्या. रविवारी सर घुटमळायला लागले की त्या वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणायच्या, "अहो, तिकडे जायचं नाही." कशासाठी चाललंय हे त्यांनाही माहीत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "दगडावर झाड उगवणार म्हणतात. उगवू दे बापडे."

आणि ज्येष्ठातल्या एका सकाळी सरांनी आमची बेल वाजवली. धुतलेलं धोतर, केस विंचरलेले.

"संगणकवाले, पाच मिनिटं या. एक प्रयोग आहे. निरीक्षक लागतो."

आत खोलीच्या मधोमध काकूंची खुर्ची होती. काकू काठापदराची साडी नेसलेल्या, हातात हळदीकुंकवाची कोयरी, चेहऱ्यावर संपूर्ण गोंधळ. समोरच्या पाटावर तो वड, मातीतून बाहेर काढलेला. मोजकी पानं, काळ्या दगडावरून उतरलेली मुळं, बाजूला ते लाकूड. दगड मुळांनी धरला होता की सुतळीने, हे नक्की सांगता आलं नसतं. पण झाड जिवंत होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की आज वटपौर्णिमा.

दर वर्षी काकू नदीकाठच्या वडाला जायच्या, आणि सर दारात उभे राहून विचारायचे, "दोरा सुतीच का? नायलॉन जास्त टिकतो." गेल्या वर्षी जाता आलं नाही. साठेबाईंनी मंडईतून वडाची फांदी आणून दिली, ती काकूंनी परत पाठवली. तोडलेल्या फांदीकडे कुणाचं आयुष्य कसं मागायचं, म्हणाल्या.

"पण मला उठून फिरता कुठे येतंय?" काकू आता म्हणाल्या.

"तू बस. कोणी कोणाभोवती फिरलं तरी प्रदक्षिणा तीच."

सरांनी दोऱ्याचं एक टोक काकूंच्या हातात दिलं, दुसरं वडाला बांधलं, आणि दगडासकट झाड उचलून ते खुर्चीभोवती चालायला लागले. दगड चांगला जड होता. मी पुढे झालो तर नजरेनेच थांबवलं. दोरा काकूंच्याच भोवती गुंडाळला जायला लागला.

"अहो, मीच बांधली जातेय."

"जाऊ दे. मग सोडवू."

काकू हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "तुमचा तर यावर विश्वास नाही ना?"

सर थांबले नाहीत. "नाहीच. पण गेल्या वर्षी तू मागितलं नाहीस. वर्षभर मला चैन पडलं नाही."

पुढचा फेरा सुरू झाला. सरांना धाप लागली होती, ओठ हलत होते.

"काय पुटपुटताय?" काकूंनी विचारलं.

"फेरे मोजतोय."

पण मी भिंतीला टेकून उभा होतो, आणि सर प्रत्येक फेऱ्याला माझ्या अगदी जवळून जात होते. ते काही मोजत नव्हते. बायका वडाला 'हाच' नवरा मागतात. सर दर फेऱ्याला एकच शब्द म्हणत होते. "हीच."